वाचणारा लॅपटॉप

‘‘यांना थोडंफार तरी दिसतं का?’’ दुकानदार कुंभोजकरांनी मला विचारलं.

दादा माझ्या शेजारीच उभा होता. त्याचा हात माझ्या कोपरावर होता. आम्ही नुकतेच पायऱ्या चढून त्या दुकानात शिरलो होतो.

‘‘नाही दिसत,’’ दादाच म्हणाला. ‘‘पण ऐकायला येतं. मला विचारलं तरी चालेल.’’

कुंभोजकर ओशाळले. मग बहुतेक माणसं करतात तेच त्यांनीही केलं. ते दादाशी मोठमोठ्यानं बोलायला लागले. ‘‘या! बसा! लॅपटॉप घ्यायचाय ना!’’ दुकानातली दोन गिऱ्हाइकं मागं वळून बघायला लागली. मला हसू आलं. दादालाही आलं असावं, कारण त्यानं माझ्या कोपराला हळूच चिमटा काढला. बरोबर आलेल्या आमच्या वडिलांना, अण्णांना मात्र असल्या गोष्टीत कधी गंमत वाटत नसे. त्यांनी शर्टाच्या खिशातून आधी चष्मा काढला, मग लाल पेन काढलं आणि म्हणाले, ‘‘आम्ही टेस्ट घेऊन मगच घेणार. चालेल का?’’

‘‘टेस्ट म्हणजे?’’

‘‘परिच्छेद देणार. मशीन वाचतंय का बघणार.’’

कुंभोजकरांनी परत माझ्याकडेच बघितलं. घरातली शहाणी मीच असणार असं ते धरून चालले होते. शहाणी म्हणजे काय, तर डोळे असलेली आणि लाल पेन नसलेली.

अण्णा तासगावात टायपिंग इन्स्टिट्यूट चालवायचे. मगदूम टायपिंग इन्स्टिट्यूट. पुढं सरकारी परीक्षा कॉम्प्युटरवर झाली तशी तिथे टाइपरायटरच्या जागी कॉम्प्युटर आले, पण पद्धत जुनीच राहिली. समोर परिच्छेद ठेवायचा, टाइप करून घ्यायचा, मग लाल पेनाचं टोपण एकेका शब्दाखालून सरकवत चुका काढायच्या. माणूस असो, मशीन असो, अण्णांचा विश्वास परिच्छेदावर. त्यांनी घरातला मिक्सरसुद्धा दुकानात खोबरं वाटून बघून घेतला होता. खोबरं घरून नेलं होतं.

दादा, म्हणजे सन्मती, जन्मापासून आंधळा. माझ्याहून एका वर्षानं मोठा. इन्स्टिट्यूटमध्ये बोटांकडे बघून टाइप करणाऱ्याच्या हातांवर अण्णा लाकडी झाकण ठेवायचे. बघायचंच नाही, हा तिथला पहिला नियम. त्यामुळे अख्ख्या तासगावात दादा सगळ्यांच्या बरोबरीनं बसू शकेल अशी ती एकच खोली होती. नऊ-दहा वर्षांचा असल्यापासून तो तिथे टाइप करायचा, आणि कॉलेजातली मोठी पोरं त्याच्या वेगाकडे तोंड उघडं टाकून बघत बसायची.

बाकी सगळीकडे मी होते. त्याची पुस्तकं मी वाचून दाखवायची. दहावी-बारावीला त्याची लेखनिकही मीच. लेखनिक खालच्या वर्गातला लागतो, आणि मी बरोब्बर एक वर्ग मागं होते. तो सांगायचा, मी लिहायचे. बारावीचा निकाल लागला तेव्हा शाळेनं सत्कार ठेवला. शाल आणि नारळ मला मिळाला. मार्क त्याला पडले होते, पण भाषणं झाली ती माझ्या त्यागावर. दादा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. घरी आल्यावर म्हणाला, ‘‘तिशे, त्या नारळाची वडी तरी कर. माझंही थोडं योगदान आहे त्यात.’’

मग त्याला पुण्यात बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश मिळाला.

घरात आनंद झाला, आणि त्याच संध्याकाळी अण्णांनी ठरवून टाकलं की मीही पुण्याला जायचं. बारावी तिथल्या कॉलेजात करायची, बायोलॉजी सोडून द्यायची, पुढच्या वर्षी दादाच्याच कोर्सला प्रवेश घ्यायचा. दोघांनी एक खोली घेऊन राहायचं. मी वाचायचं, त्यानं शिकायचं. अण्णांच्या दृष्टीनं सगळं नीट बसत होतं. मी मनातल्या मनात केव्हाच शिरवळला पोचले होते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. शिरवळला पशुवैद्यकीय कॉलेज आहे. सावळजला मामांच्या गोठ्यात एकदा म्हैस अडली होती. डॉक्टरांनी खांद्यापर्यंत हात घालून आतलं रेडकू फिरवलं आणि बाहेर काढलं. बाकीची भावंडं तोंड फिरवून पळाली, मी बादली धरून उभी राहिले. तेव्हापासून मला दुसरं काही व्हायचं नव्हतं. हे फक्त दादाला माहीत होतं.

‘‘मशीन असताना तिशा कशाला?’’ दादा अण्णांना म्हणाला. ‘‘स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आहे की माझ्याकडं. नवा लॅपटॉप घेतला की झालं.’’

हे सॉफ्टवेअर त्याला मिरजेच्या एका मित्रानं पेन ड्राइव्हवर दिलं होतं. ते इतक्या भरभर आणि नाकात बोलायचं, की त्यातलं एक अक्षर आम्हाला कळत नसे. दादा त्याला ‘पाहुणे’ म्हणायचा. इन्स्टिट्यूटच्या जुन्या कॉम्प्युटरवर तो पाहुण्यांच्या मदतीनं टाइप करायचा, टाइप केलेलं परत ऐकायचा.

‘‘पुस्तक वाचतंय का ते?’’ अण्णांनी विचारलं.

‘‘जुन्या मशीनवर अडचण येते. नव्यावर वाचेल.’’

अण्णांनी विचार केला. अण्णांचा विचार म्हणजे दुसरं काय असणार? ‘‘मग दुकानातच टेस्ट घेऊया. पुण्याच्या कॉलेजातल्या सरांनी पहिला धडा पाठवलाय न्हवं? तोच लावायचा. वाचला, तर तू एकटा जा. न्हाई वाचला, तर तिशा बरोबर येईल. ह्यावर परत चर्चा नको.’’

म्हणून आम्ही सांगलीला आलो होतो. एका लॅपटॉपच्या तोंडाकडे बघत माझं शिरवळ दुकानाच्या दारात उभं होतं.

कुंभोजकरांनी तीन लॅपटॉप मांडले. पहिला पातळ, हलका, चंदेरी. ‘‘कॉलेजची मुलं हाच नेतात!’’ ते ओरडले.

दादानं त्यावरून बोटं फिरवली. माणसाचा चेहरा चाचपावा तशी नाही, आपल्याच घरातला दरवाजा उघडावा तशी. ‘‘याला उजवीकडं आकड्यांच्या कळा नाहीत. माझं सॉफ्टवेअर त्या कळांवर चालतं.’’

‘‘बरोबर! बरोबर!’’ कुंभोजकर म्हणाले. त्यांना ते आत्ताच कळलं होतं.

‘‘तरी टेस्ट घेऊया,’’ अण्णा म्हणाले.

दादानं पेन ड्राइव्ह लावला, पाहुणे सुरू केले, कानात इअरफोन घातले. दुकानात गर्दी आहे, लोकांना कर्कश आवाजाचा त्रास नको, असं तो म्हणाला आणि ते खरंही होतं. धडा उघडला. तो धडा म्हणजे छापील नोट्स होत्या, पानं जरा तिरकी आलेली. सी लँग्वेज म्हणजे काय, व्हेरिएबल म्हणजे काय, असं सगळं इंग्रजीत. मला तो धडा पाठ व्हायला आला होता, कारण त्या आठवड्यात दादानं माझ्याकडून तो तीन वेळा वाचून घेतला होता. कॉलेजची उत्सुकता, दुसरं काय, असं मला वाटलं होतं.

‘‘काय म्हणतंय?’’ अण्णांनी विचारलं.

‘‘काहीच नाही. वाचत नाही हे.’’

दुसरा लॅपटॉप आला. जाड, काळा, आकड्यांच्या कळा असलेला. दादानं कान लावला. कपाळाला आठ्या घातल्या. ‘‘अडखळतंय. मधले मधले शब्द गाळतंय.’’

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात मला पुण्याची खोली दिसायला लागली. एक स्टोव्ह, दोन कॉट, आणि मी आयुष्यभर दुसऱ्याचं पुस्तक मोठ्यानं वाचतेय. दादाबद्दल मला माया होती, आजही आहे, पण त्या क्षणी मला त्याचा राग आला होता हेही खरं आहे. मशीनला काय झालंय, नीट ऐक की जरा, असं मला त्याला ओरडून सांगावंसं वाटलं.

तिसरा लॅपटॉप. हाही काळाच, पण कळा जरा खोल आणि भरीव. दादानं त्यावर आधी उगाचच दोन-चार ओळी टाइप केल्या आणि त्याचा चेहरा सैल पडला. ‘‘कळा छान आहेत अण्णा. आपल्या जुन्या मशीनसारख्या.’’

‘‘कळा ऱ्हाऊ देत. परिच्छेद लाव.’’

दादानं धडा उघडला. थोडा वेळ थांबला. मग म्हणाला, ‘‘वाचतंय.’’

‘‘म्हणून दाखव.’’

आणि तो म्हणायला लागला. इंग्रजीतली वाक्यं, एकामागून एक, न थांबता. अण्णा चष्मा सावरून स्क्रीनवर वाकले आणि त्यांच्या पेनाचं टोपण ओळीखालून सरकायला लागलं. शब्द बरोबर येत होते. स्वल्पविरामाला दादा बारीकसा थांबत होता. पहिलं पान संपलं. अण्णा ‘पुढं’ म्हणाले, दादानं कळ दाबली, पान उलटलं. कुंभोजकर तोंडावर हात ठेवून बघत होते. एक गिऱ्हाईक स्वतःचं काम सोडून जवळ आलं. अण्णांच्या चेहऱ्यावर असं काही तरी यायला लागलं होतं, जे इन्स्टिट्यूटमधली एखादी मुलगी पहिल्याच प्रयत्नात बिनचूक पान देते तेव्हा यायचं.

‘‘थांब,’’ अण्णा म्हणाले.

दादा थांबला.

‘‘मधली चौकट सोडलीस.’’

मी स्क्रीनकडे बघितलं. पानाच्या मधोमध एक चौकट होती. सी लँग्वेजचा इतिहास, माणसांची नावं, सनावळ्या. आणि मला आठवलं. तीन वेळा धडा वाचला, आणि तिन्ही वेळा ती चौकट मी गाळली होती. कंटाळवाणी होती म्हणून. त्याला काय कळणार आहे, म्हणून. अशा किती गोष्टी मी गेल्या कित्येक वर्षांत गाळल्या असतील, देव जाणे. लांबलेली वर्णनं, तळटीपा, मला न आवडणारे धडे. मी सोडलेलं ह्या जगात कुणाला सापडणार नव्हतं.

मशीन ती चौकट गाळणार नव्हतं. मशीनला कंटाळा येत नाही.

दादाची बोटं कळांवर होती. ती कुठं जावं हे न कळल्यासारखी जागच्या जागी अडून राहिली होती. मी त्याच्या बोटांना असं कधी बघितलं नव्हतं. तेव्हा मला सगळं एकदम समजलं. त्याच्या कानात काही वाचलं जात नव्हतं. तो माझा आवाज परत म्हणत होता.

‘‘तिशा,’’ अण्णा म्हणाले, ‘‘तू बघ बरं. चौकट आहे का न्हाई इथं?’’

मला फक्त ‘आहे’ म्हणायचं होतं. तेवढं म्हणून गप्प बसायचं, पुढचं अण्णांनी काढलं असतं.

‘‘आहे की,’’ मी म्हणाले. ‘‘पण चौकटीतलं मशीन वाचत नसतं, अण्णा. ते त्याला चित्र समजतं.’’

‘‘होय, होय,’’ कुंभोजकर लगेच म्हणाले. त्यांना त्यातलं काही माहीत नव्हतं, पण विक्री होत आली होती. ‘‘चौकटीचं तसंच असतं!’’

‘‘असल्या चौकटी किती असतात?’’

‘‘थोड्याच,’’ मी म्हणाले.

‘‘मग तेवढं कुणीतरी मित्र सांगेल वाचून.’’ अण्णांनी पेन परत खिशाला लावलं. ‘‘हा घेऊया.’’

कुंभोजकरांनी आणखी एक प्रयत्न केला. प्रोग्रॅमिंग करायचंय म्हणता तर मेमरी जास्त असलेलं वरचं मॉडेल बघा, मुलाला पुढं उपयोग होईल, असं ते म्हणाले. अण्णांनी हात हलवून त्यांना थांबवलं. ‘‘हे पास झालंय. पास झालेल्याला परत परीक्षेला बसवायचं नसतं.’’

दादा हसला. मीही हसले. दुकानात सगळेच खुशीत होते.

परतीच्या एसटीत अण्णांना पुढं जागा मिळाली. ते खिडकीला डोकं टेकवून लगेच झोपले. आम्ही दोघं मागच्या बाकावर, दादाच्या मांडीवर लॅपटॉपचा खोका. कवठे महांकाळकडे जाणारी एक म्हातारी आमच्या शेजारी बसली होती, चुकीच्या गाडीत बसल्याचं कळल्यावर ती माधवनगरला कंडक्टरला शिव्या देत उतरली.

‘‘काय म्हणत होतं?’’ मी विचारलं.

‘‘कोण?’’

‘‘पाहुणे.’’

दादानं खोक्यावर बोटं वाजवली. ‘‘ब्लँक.’’

‘‘आणि बाकीच्या दोन्हींवर?’’

‘‘ब्लँक, ब्लँक. अगं, ती पानं म्हणजे फोटो आहेत, तिशे. पुस्तकाचा काढलेला फोटो. फोटोतलं कुठलाच लॅपटॉप वाचत नाही. मला गेल्या आठवड्यातच कळलंय.’’

‘‘म्हणून तीनदा वाचून घेतलंस.’’

‘‘दोनदात झालं असतं. तू मधे मधे जांभया देत होतीस.’’

‘‘माझ्यासाठी केलंस हे?’’

‘‘तुझ्यासाठी कशाला?’’ तो हसला. ‘‘लहानपणापासून तुझ्या आवाजात जग ऐकतोय. जरा दुसऱ्या कुणाच्या आवाजात ऐकू दे की.’’

मला हे उत्तर फार आवडलं. इतकं आवडलं, की मी ते परत तपासून बघितलं नाही. तो स्वतःसाठीच खोटं बोलला म्हटल्यावर माझ्याकडे काही दोष उरत नव्हता. मी फक्त भावाला साथ दिली होती.

थोड्या वेळानं तो म्हणाला, ‘‘काय होतं त्या चौकटीत?’’

‘‘काही नाही रे. सनावळ्या. कुणी कधी काय शोधलं ते. महत्त्वाचं नव्हतं.’’

‘‘ते मी ठरवलं असतं,’’ दादा म्हणाला.

तो रागावला नव्हता. त्यानं ते आपल्या नेहमीच्या आवाजात म्हटलं, आणि लगेच लॅपटॉपच्या कळा किती छान आहेत ते सांगायला लागला. माझे कान मात्र तापले. मी खिडकीबाहेर द्राक्षांच्या बागांकडे बघत बसले. अण्णा दोन बाकं पुढं झोपले होते. उठून, दांडीला धरून पुढं जायचं आणि त्यांच्या खांद्याला हात लावायचा, एवढंच करायचं होतं. कुंभोजकरांनी लॅपटॉप परत घेतला असता किंवा नसता, पण दादा एकटा गेला नसता. एसटी तासगावच्या स्टँडात शिरली तेव्हाही मी बसलेलीच होते.

दादा पुण्याला गेला. फोनवर नेहमी मजेत असायचा. प्रोग्रॅमिंगच्या सरांचं त्याच्यावाचून पान हलत नाही, असं त्याच्या सांगण्यावरून वाटायचं, आणि ते खोटं नव्हतं. जे टाइप करता येत होतं त्यात तो वर्गात पहिला होता. पण गणिताचे सर फळ्यावर लिहायचे आणि ‘हे इथून इकडं आलं’ म्हणायचे. इलेक्ट्रॉनिक्सच्या वहीत सगळ्या आकृत्या. नोट्स म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स, आणि त्यांचे फोटो. मित्र वाचून दाखवायचे, पण मित्रांनाही परीक्षा असते. हे मला त्यानं सांगितलं नाही, त्याच्या खोलीतल्या मुलानं सांगितलं, तेही फार उशिरा. मी तेव्हा बारावीची पुस्तकं घेऊन बसले होते. माझं बायोलॉजी उत्तम चाललं होतं.

दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर तो सामान घेऊन घरी आला. गणितात दोनदा राहिला होता. मी शिरवळहून सुट्टीला आले होते. अण्णांनी त्याला समोर बसवलं. ‘‘लॅपटॉप वाचत न्हवता काय?’’ त्यांनी विचारलं. दादा म्हणाला, ‘‘वाचत होता अण्णा. पुढं पुढं जड गेलं त्याला.’’

बस. अण्णांना तेवढं पुरलं. जड गेलं म्हणजे मशीन कमी पडलं, आणि मशीन त्यांनी पास केलं होतं.

दादानं पुढं बाहेरून बी.ए. केलं. आज इन्स्टिट्यूट तोच चालवतो. पोरं त्याला घाबरतात, कारण बोटांच्या आवाजावरून तो चूक ओळखतो. टाइप केलेल्या पानातल्या चुका शोधणारा प्रोग्रॅम त्यानं स्वतः लिहिला, रात्ररात्र बसून नाही, दुपारच्या मोकळ्या वेळात, सहज. आसपासच्या गावांतले इन्स्टिट्यूटवाले तो मागून नेतात. पहिल्यांदा तो प्रोग्रॅम चालताना बघितला तेव्हा मी ‘वा’ म्हणाले आणि मागच्या अंगणात जाऊन रडले. लोकांच्या गाई-म्हशींची अडलेली बाळंतपणं सोडवते, गावोगाव मला मान आहे, आणि माझ्या भावाची हुशारी तासगावच्या एका खोलीत चुका मोजत बसली आहे. तो सुखी नाही असं मी म्हणत नाही. त्याला विचारलं तर तो काहीतरी चेष्टा करतो.

आता फोननं फोटो काढला की फोनच ते पान वाचून दाखवतो. दादाला त्याचं कौतुक वाटतं. मला त्या फोनचा राग येतो. थोडा आधी आला असता तर काय बिघडत होतं?

या जूनमध्ये मी तासगावला गेले होते. दुपारी सगळे पुढच्या खोलीत बसलो होतो. अण्णा थकलेत, आरामखुर्चीतून फारसे उठत नाहीत. समोरच्या घरातले बाहुबली चौगुले आले. त्यांच्या मुलीला कोल्हापूरला बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता, डेटा सायन्स की असलंच काहीतरी.

‘‘मगदूम अण्णा, लॅपटॉप कुठला घेऊ सांगा,’’ ते म्हणाले. ‘‘पोरगी म्हणते प्रोग्रॅमिंग करायचंय. दुकानदार वाट्टेल ते गळ्यात मारतो. तुम्ही सन्मतीला घेतला होता की.’’

 अण्णांचा हात खुर्चीच्या हातावर नुसता सरकत राहिला.

‘‘मला विचारू नको, बाहुबली,’’ ते शेवटी म्हणाले. ‘‘दुकानदारानं वरचं मॉडेल दाखवलं होतं मला. घ्या म्हणून सांगत होता. मी म्हटलं, हा पास झालाय. मी ऐकलं असतं तर आज हा मुलगा कुठल्या कुठं असता. तुझी पोरगी जे मागंल ते दे. टेस्ट-बिस्ट घेत बसू नको. मी एका पोराचं आयुष्य घालवलंय, दुसऱ्याचं कशाला?’’

‘‘अण्णा, लॅपटॉप चांगला होता,’’ दादा म्हणाला.

‘‘तू कशाला माझी बाजू घेतोस? मला माहीत आहे ना मी काय केलं ते.’’ त्यांचा आवाज फुटला. चौगुले खाली बघायला लागले. ‘‘झोप येत नाही रे मला त्या लॅपटॉपपायी.’’

इतकी वर्षं त्यांनी हे मनात ठेवलं होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. किंवा होता. गेली कित्येक वर्षं अण्णा कुठल्याही वस्तूची टेस्ट घेत नाहीत, दुकानदार देईल ते घेऊन येतात, हे मी बघितलं होतं. म्हातारपण, म्हणून सोडून दिलं होतं. गाळण्यात मी लहानपणापासून तरबेज.

‘‘अण्णा,’’ मी म्हणाले.

माझा आवाज मलाच परका वाटला. दादालाही वाटला असणार. माझ्या आवाजातलं सगळं त्याला कळतं, मी श्वास घेतला तरी पुढं काय येणार ते त्याला कळतं. त्यानं चेहरा माझ्याकडे वळवला आणि मान हलवली. अगदी थोडी, फक्त मला दिसेल इतकी. नको.

‘‘काय गं?’’ अण्णांनी डोळे पुसत विचारलं.

‘‘चहा ठेवू का?’’ मी म्हणाले.